पेपर लिहून झाला, आता तो बोलायचाय

सेमिनारला पाठवलेला पेपर, म्हणजे शोधनिबंध, अ‍ॅक्सेप्ट झाल्याचा मेल आला की बहुतेक जण लगेच त्याच वर्ड फाईलमधले पॅराग्राफ उचलून स्लाइडवर चिकटवायला घेतात, आणि तिथेच सगळं बिनसतं. बडोद्यात थंडी पडली की सेमिनार सुरू होतात, फतेहगंजातल्या झेरॉक्सवाल्यांकडे रांगा लागतात, आणि दोन-दोन वर्षं खपून काम केलेली आपली मुलं-मुली हॉलमध्ये मान खाली घालून भराभर वाचत सुटतात, सहाव्या पानावर घंटी वाजते आणि निष्कर्ष राहूनच जातो. मला हे बघवत नाही, कारण काम खरंच चांगलं असतं. म्हणून ही यादी, जशी आठवली तशी.

सगळ्यात आधी तो मेल परत उघडा आणि नीट वाचा. वेळ किती दिलाय, त्यात प्रश्नोत्तरं धरलीत का वेगळी, बोलायचं कुठल्या भाषेत, हॉल का छोटी खोली, आपल्या सेशनमध्ये आणखी कोण बोलणार आहे. वीस मिनिटं म्हटलं की बहुतेक ठिकाणी पंधरा बोलायची आणि पाच प्रश्नांची असतात, पण गृहीत धरू नका, फोन करून विचारून घ्या. मग घड्याळ लावून स्वतःचाच एखादा पॅराग्राफ एक मिनिट मोठ्याने वाचा, लोकांना समजेल अशा वेगाने, आणि शब्द मोजा. मराठीत शंभर ते एकशेतीसच्या आसपास येतील. म्हणजे पंधरा मिनिटांत दीड हजार, फार तर साडेएकोणीसशे शब्द, आणि तुमचा पेपर आहे पाच-सहा हजारांचा. हा हिशोब पहिल्याच दिवशी कागदावर लिहून समोर लावा, कारण जवळजवळ दोन-तृतीयांश पेपर बोलण्यात येणारच नाही हे एकदा मान्य केलं की पुढची सगळी कामं सोपी होतात.

आता काय ठेवायचं. इथे लोक एक चूक करतात, प्रत्येक सेक्शन थोडा थोडा कापतात, म्हणजे प्रस्तावना अर्धी, पूर्वसंशोधन अर्धं, पद्धत अर्धी, आणि शेवटी जे उरतं ते लहान झालेला पेपरच असतो, फक्त आणखी कोरडा. त्यापेक्षा पेपर बाजूला ठेवा आणि तो न वाचलेल्या कुणालातरी, मैत्रीण, मोठा भाऊ, शेजारच्या काकू, तीन मिनिटांत सांगा की तुम्हाला काय सापडलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये पीएचडीवाल्यांसाठी अशी स्पर्धाच सुरू केली, तीन मिनिटं आणि एकच स्लाइड, आज ती जगभर होते. तुम्हाला स्पर्धेत उतरायचं नाही, पण त्या तीन मिनिटांत तुम्ही आपोआप जे आधी सांगाल तोच तुमच्या बोलण्याचा कणा. फोनवर रेकॉर्ड करा, नंतर ऐकून लिहून काढा, आणि बाकीचं त्याच्याभोवती बांधा.

एक उदाहरण घेऊ, आपल्याच गावाचं. समजा पेपर आहे बडोदा संस्थानातल्या ग्रंथालय चळवळीवर. लेखी पेपरचं पहिलं वाक्य असणार, 'प्रस्तुत शोधनिबंधात बडोदा संस्थानातील सार्वजनिक ग्रंथालय व्यवस्थेच्या विकासाचा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या पार्श्वभूमीवर परामर्श घेण्यात आला आहे.' वाचायला ठीक आहे, पण ऐकणारा 'परामर्श'पर्यंत पोचेस्तोवर 'प्रस्तुत' विसरलेला असतो. तेच बोलताना असं सांगा: सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात शाळा सक्तीची केली, १९०६ मध्ये सगळ्या राज्यात केली, मग प्रश्न आला की ही मुलं शाळेतून बाहेर पडल्यावर वाचणार काय, आणि वाचलं नाही तर शिकलेलं टिकणार कसं. त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले गेले, आणि पुढे लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव जायला लागली. एवढं ऐकल्यावर हॉलमधल्या माणसाला पुढचं ऐकायचं असतं. माहिती तीच आहे, फक्त पेपरात जे चौथ्या पानावर होतं ते पहिल्या मिनिटात आलं.

आणि समोर कोण बसलंय तेही बघा. बडोद्याचे लोक असतील तर मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आणि तिच्या काचेच्या फरश्या त्यांनी पाहिलेल्या असतात, एक फोटो लावला की पुरे. पण पुण्या-नागपूरहून पाहुणे आले असतील तर त्यांना बडोदा संस्थान म्हणजे बडोदा शहर असंच वाटण्याची शक्यता असते. अमरेली तिकडे सौराष्ट्रात, नवसारी दक्षिणेला, कडी उत्तरेला, असं तुकड्या-तुकड्यांत पसरलेलं राज्य होतं हे पेपरात तळटीपेत गेलेलं चालतं, बोलताना मात्र त्याचा नकाशा दुसऱ्याच स्लाइडला हवा. नाहीतर 'पेट्या गावोगाव गेल्या' म्हणजे केवढं अवघड काम होतं हे कळतच नाही.

मग स्क्रिप्ट लिहायला बसा. हो, लिहाच, पॉइंट्सवर बोलू म्हणणारे निम्मे लोक वेळेच्या बाहेर जातात. पण लिहिताना तोंडाने बोलत बोलत लिहा. पेपरातले काही शब्द शोधून काढून टाका, 'उपरोक्त', 'वरील', 'पूर्वोक्त', 'खालीलप्रमाणे', कारण ऐकणाऱ्याला वर-खाली काही नसतं, आणि सगळ्यात घातक म्हणजे 'अनुक्रमे'. तीन गावांची नावं, मग तीन आकडे आणि शेवटी अनुक्रमे, असं ऐकून कुणालाही जोड्या लावता येत नाहीत, प्रत्येक गावाबरोबर त्याचा आकडा सांगा. 'अभ्यास करण्यात आला'ऐवजी 'मी पाहिलं' म्हणा, लाजू नका, काम तुम्हीच केलंय. कुणाचं वाक्य उद्धृत करत असाल तर नाव आधी घ्या, कारण अवतरणचिन्ह ऐकू येत नाही आणि लोकांना वाटतं ते मत तुमचंच आहे. लांब उतारे अजिबात नको, त्यातली एक ओळ वाचा. लेखक, वर्ष, पान नंबर हे सगळं कागदावर राहू द्या. पूर्वसंशोधन दोन वाक्यांत: यांनी हे म्हटलंय, माझं म्हणणं इथे वेगळं आहे, बस. पद्धतसुद्धा थोडक्यात, पण कुठले कागद पाहिले ते जरूर सांगा, म्हणजे प्रशासन अहवाल, जुनी मासिकं, जे असेल ते, त्यावरच लोकांचा विश्वास बसतो.

आकड्यांबद्दल थोडं जास्त बोलते, कारण आपल्याकडे हा खास प्रॉब्लेम आहे. हॉलमध्ये मराठी, गुजराती, हिंदी सगळेच बसलेले असतात, आणि मराठीत एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर एका दमात म्हटलं की मराठी माणूसही दचकतो, गुजराती श्रोता तर तिथेच सुटतो. बोलताना 'जवळजवळ साठ' म्हणा आणि अचूक आकडा स्लाइडवर मोठा दिसू द्या. वर्षं चारच ठेवा. पेपरातलं बारा ओळींचं टेबल स्लाइडवर टाकून 'हे तुम्हाला दिसत नसेल पण' असं म्हणायची वेळ आणू नका, त्यातली ज्या दोन ओळींवर तुमचं म्हणणं उभं आहे तेवढ्याचा एक साधा आलेख करा. आलेखात लाल-हिरवी जोडी टाळा, काही पुरुषांना तो फरक दिसत नाही, निळा-नारिंगी घ्या.

भाषेचंही आधी ठरवून टाका. मराठीत बोलायचं असेल आणि समोर गुजराती मंडळी असतील तर स्लाइडवरची शीर्षकं इंग्रजीत किंवा गुजरातीत चालतील, पण एकच वाक्य दोन भाषांत लिहून स्लाइड भरू नका. आणि पेपर इंग्रजीत लिहिलाय पण बोलायचंय मराठीत, असं असेल तर इंग्रजी वाक्यं समोर ठेवून मराठी करत बसू नका, फार ओढाताण होते. ते तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग मराठीत करा आणि तिथून सुरुवात करा. ज्या शब्दाला सगळे इंग्रजीच शब्द वापरतात तो तसाच वापरा, कुणी मार्क कापत नाही.

स्लाइड कमी. पंधरा मिनिटांना आठ-दहा पुष्कळ झाल्या. देवनागरी युनिकोडमध्येच टाईप करा, जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडला की नुसती चिन्हं दिसतात, आणि युनिकोड असलं तरी तो फॉन्ट तिथे नसला तर ओळी हलतात, म्हणून पीडीएफ काढून ठेवाच. अक्षर अठ्ठावीसच्या खाली नको, ओळींमध्ये जागा सोडा नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना चिकटतात. टेस्ट सोपी आहे, स्लाइडचा फोटो मोबाईलवर घ्या, हात पूर्ण लांब करा, वाचता आलं तर शेवटच्या रांगेलाही वाचता येईल.

प्रॅक्टिस उभं राहून आणि मोठ्याने. मनात वाचलेलं धरायचं नाही, मनात आपण फार भरभर वाचतो. सकाळी कमाटीबागेत चालताना बोललात तरी चालेल, तिथे कुणी वळून बघत नाही, पण निदान एकदा तरी माणसांसमोर, घड्याळ लावून, स्लाइड बदलत करा. पंधरा मिनिटं मिळाली असतील तर तेरात संपेल असं बसवा. स्क्रिप्टच्या मार्जिनमध्ये पेन्सिलीने वेळ लिहा, इथे चार मिनिटं, इथे नऊ, म्हणजे बोलताना एका नजरेत कळतं आपण कुठे आहोत. आणि दोन पॅराग्राफ आधीच चौकटीत टाकून ठेवा जे वेळ कमी पडला तर गाळायचे, ते गाळल्यावरचं वाक्य पुढच्याला जुळतंय का तेही म्हणून बघा. आधीचा वक्ता वेळ खातोच आणि अध्यक्ष तुम्हाला म्हणतात 'जरा आटपतं घ्या', त्या वेळी उभ्या उभ्या काय कापायचं ते सुचत नाही. एक बडोद्यापुरती सूचना, तारीख नवरात्रीच्या लगेच नंतर असेल तर गरब्यात ओरडून घसा बसवून घेऊ नका, आणि उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, दोन दिवसांत घरी रेकॉर्डिंग करायचा बेत ठेवू नका, सगळ्या गच्च्यांवर स्पीकर असतात.

आदल्या दिवशी स्क्रिप्ट मोठ्या अक्षरात, एका बाजूला, पान नंबर घालून प्रिंट करा आणि स्टेपल मारू नका, सुटी पानं आवाज न करता सरकवता येतात. फाईल पेनड्राइव्हवर, मेलमध्ये आणि फोनमध्ये अशा तीन ठिकाणी. स्वतःचा लॅपटॉप नेणार असाल तर चार्जर, आणि जुन्या हॉलमध्ये अजूनही व्हीजीएची वायर असते म्हणून एचडीएमआय ते व्हीजीए अ‍ॅडॉप्टर. पाण्याची बाटली. हातात घड्याळ, फोन फ्लाइट मोडवर.

हॉलवर अर्धा तास आधी पोचा, आपल्या सेशनच्या नाही, दिवसाच्या पहिल्या सेशनच्या आधी, कारण नंतर पोडियमजवळ जायला मिळत नाही. फाईल उघडून सगळ्या स्लाइड एकदा फिरवून बघा. पॉवरपॉइंटची काही बटणं पाठ असू द्या: एफ पाच दाबलं की शो सुरू, शिफ्ट धरून एफ पाच दाबलं की जिथे आहात तिथून सुरू, बी दाबलं की स्क्रीन काळी होते आणि लोक तुमच्याकडे बघतात, आणि स्लाइडचा नंबर टाईप करून एंटर मारलं की थेट त्या स्लाइडवर जाता येतं. शेवटचं फार कामाचं आहे, 'थँक यू'च्या मागे तीन-चार जादा स्लाइड लपवून ठेवा, पूर्ण टेबल, संदर्भ, गाळलेला मुद्दा, आणि प्रश्न आला की नंबर दाबून ती समोर आणा.

बोलताना पहिली तीन वाक्यं आणि शेवटची दोन पाठ हवीत, मधलं बघून चालेल. पानाकडे बघून वाक्य उचला, मग मान वर करून बोला. माइक हनुवटीच्या जवळ धरा, आणि लेझर पॉइंटर हातात थरथरतो म्हणून तोंडानेच सांगा, 'डावीकडची उंच पट्टी बघा'.

प्रश्नांची तयारी मात्र कुणीच करत नाही, आणि खरं तर तिथेच लोक तुम्हाला ओळखतात. घरच्या प्रॅक्टिसला बसलेल्यांना सांगा की प्रत्येकाने एक अवघड प्रश्न विचारायचा. पेपरातली सगळ्यात कच्ची जागा कुठली ते तुम्हाला माहीत असतं, तिचं उत्तर लिहून ठेवा. हॉलमध्ये प्रश्न कागदावर टिपून घ्या, मग माइकवर एका वाक्यात परत सांगा, मागच्यांना तो ऐकू आलेला नसतो आणि तुम्हालाही विचार करायला दहा सेकंद मिळतात. प्रश्नाच्या नावाखाली कुणी स्वतःचं भाषण दिलं तर त्यातला जो धागा तुमच्या विषयाशी लागतो तेवढाच पकडा. माहीत नसेल तर 'हे मी अजून पाहिलेलं नाही, बघून तुम्हाला कळवते' एवढं पुरे, आणि मग खरंच कळवा.

संध्याकाळी घरी गेल्यावर थकलेले असाल तरी अर्धा तास बसून सगळे प्रश्न पेपरच्या प्रिंटवर त्या-त्या जागी लिहून काढा. छापायला पाठवायचा फायनल ड्राफ्ट बहुतेक महिन्याभरात मागतात, आणि तोवर कुणी काय विचारलं होतं ते डोक्यातून गेलेलं असतं.