गळू झालंय? निदान या चुका तरी करू नका

मे महिना निम्मा सरला की ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या लॅबमध्ये पू तपासायला येणारे वाढतात. निदान बहुतेकांनी घरीच करून आणलेलं असतं: "आंबे जास्त झाले हो यंदा." करट, केस्तूड, काखमांजरी, नखुरडं, पापणीवरची रांजणवाडी, सगळ्याचं खापर हापूसवर. यातल्या बहुतेक नमुन्यांत आम्हाला सापडतो तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस, लॅबच्या बोलीत नुसता स्टॅफ. तो आंब्याच्या पेटीतून येत नाही. साधारण तीन माणसांमागे एकाच्या नाकपुडीत तो मुक्कामाला असतो आणि एरवी काही त्रास देत नाही. घामाने भिजलेली कातडी, घट्ट कपड्याचा घासा, दाढी करताना बसलेला ब्लेडचा ओरखडा, एवढी फट त्याला पुरते. भर उन्हाळ्यात ठाण्याहून संध्याकाळची डोंबिवली लोकल पकडणाऱ्याला घाम आणि घासा यांची ओळख मी काय करून देणार!

जंतूबद्दल माझी तक्रार नाही. वैताग येतो तो गळू आल्यावर लोक जे उद्योग करतात त्यांचा.

कपाटातली उरलेली गोळी

वागळे इस्टेटला लेथवर काम करणारे एक काका डाव्या काखेत मोठं गळू घेऊन आले होते. नमुना घेण्याआधी आम्ही विचारतो, अँटिबायोटिक चालू आहे का? काका म्हणाले, "नाही." नंतर कळलं की चालू नव्हती कारण संपली होती. काकूंच्या दाढेसाठी आणलेल्या स्ट्रिपमधल्या चार गोळ्या कपाटात उरल्या होत्या, त्या त्यांनी आदल्या दोन दिवसांत घेऊन टाकल्या होत्या.

स्लाइडवर पूपेशींची गर्दी होती आणि मधूनमधून जांभळ्या ठिपक्यांचे, म्हणजे स्टॅफचे, झुबके दिसत होते. जंतू वाढवायला ठेवतो ती प्लेट मात्र दुसऱ्या दिवशी कोरी, तिसऱ्या दिवशीही कोरी. रिपोर्ट गेला, "वाढ आढळली नाही." काका काउंटरवर तावातावाने आले. "एवढा पू वाहतोय आणि तुमच्या मशीनला काही दिसत नाही?"

दिसत होतं, पण वाढत नव्हतं. पुवाच्या पोकळीत रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे औषध तिथे धड पोचत नाही. काकांच्या चार गोळ्या गळू बरं करायला पुरल्या नाहीत, पण जंतूला प्लेटवर वाढू न द्यायला पुरल्या. जंतू वाढला नाही म्हणजे कोणतं औषध त्याला लागू पडतं हे तपासता येत नाही. डॉक्टरांच्या हाती नेमकी माहिती नाही, रुग्णाला ताप, काख सुजलेली. अशा वेळी त्यांना वाईटातलं वाईट धरून चालावं लागतं, म्हणजे एमआरएसए, नेहमीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफ. त्यांनी महागातली गोळी दिली. काकांचं पोट बिघडलं, कामावर खाडे झाले. गोळ्या होत्या तोवर सूज उतरली आणि नंतर गळू त्याच जागी पुन्हा आलं.

दुसऱ्या खेपेला सर्जननी गोळी सुरू करण्याआधी चीर दिली, पुवाचा निचरा केला आणि तोच पू सिरिंजमधून आमच्याकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी प्लेटवर सोनेरी झाक असलेल्या वसाहती उगवल्या. एमआरएसए आहे की नाही हे पाहायला प्लेटवर सेफॉक्सिटिन या औषधाची ३० मायक्रोग्रॅमची चकती ठेवतात. जंतू जिथे वाढत नाही तिथे चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं. ते २२ मिलिमीटर किंवा जास्त भरलं तर एमआरएसए नाही, २१ किंवा कमी भरलं तर आहे. मी पट्टी लावली, २७ भरलं. साधा स्टॅफ! जुन्या, स्वस्तातल्या गोळीने भागलं असतं. आणि खरं काम तर त्या चिरेनेच केलं होतं.

काकांची शुगरही तेव्हाच तपासली गेली. वाढलेली निघाली, त्यांना पत्ताच नव्हता. गळवं पुन्हापुन्हा येत असतील तर शुगर बघून घ्या.

आधी निचरा, मग तपासणी, ही पद्धत काही आम्ही काढलेली नाही. ॲबरडीनचे सर्जन अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० च्या सुमारास गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्यात हे झुबके दिसले आणि १८८२ मध्ये त्यांनी या जंतूला नाव दिलं. आधी पू बाहेर काढायचा, मग पाहायचा. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतीच, त्यामुळे गोळी आधी घ्यायचा मोह कुणाला होत नव्हता.

अर्थात ताप जास्त असेल, रुग्ण गंभीर असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे. तिथेही नमुना शक्यतो पहिल्या डोसच्या आधी जाऊ द्या. आणि औषध घेतलं असेल तर सांगा. "संपली", "एकच घेतली होती", "आयुर्वेदिक मेडिकलवाल्याने दिली होती", सगळं सांगा. आम्ही रागवत नाही. फार तर मनात रागावतो.

"आज संध्याकाळपर्यंत रिपोर्ट द्या ना"

देणार नाही. "कोविडचा तर एका दिवसात यायचा" हे वाक्य मी आता पाठ केलंय. त्या तपासणीत विषाणूचा जनुकीय अंश शोधत होते. इथे जंतू जिवंत हवा, तो रात्रभर ३५ अंशांच्या आसपास उबेत वाढायला हवा, मग त्याच्यावर औषधांच्या चकत्या ठेवून आणखी एक रात्र थांबायला हवं. साधारण ४८ तास धरा. स्टॅफ घाई करत नाही, तुम्हीही करू नका.

घाईचं आणखी एक फळ म्हणजे फुटलेल्या गळवाच्या खपलीवरून, मलम लावलेल्या जागेवरून घासून आणलेला स्वॅब. त्यात कातडीवरचे सोबती तेवढे उगवतात. जागा सलाइनने पुसून आतला पू घेतलेला बरा, सिरिंजमध्ये मिळाला तर फारच उत्तम, आणि तो दोन तासांत लॅबमध्ये यायला हवा. गाडीच्या डिकीत दिवसभर घोडबंदर रोड फिरून आलेला नमुना मी शक्यतो परतच पाठवते.

पिळणे

हे लिहूनही लोक पिळणारच. तरी लिहिते. दाबलं की पू बाहेर जितका येतो तितकाच आत ढकलला जातो. गॅसवर तापवलेली सुई, दोन रुपयांचं नाणं, नखं, सगळे प्रकार बघून झालेत. शेकायचं असेल तर स्वच्छ फडका गरम पाण्यात बुडवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. हळदीचं पोटीस आईच्या समाधानासाठी लावायचं तर न फुटलेल्या कातडीवर लावा, फुटलेल्या गळवावर नको.

नाक आणि वरचा ओठ या भागाला तर हातच लावू नका. तिथल्या शिरांचा संबंध डोळ्यामागून मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांशी येतो आणि संसर्ग त्या वाटेने आत जाऊ शकतो. असं क्वचित होतं, पण होतं तेव्हा जिवावर बेततं. साखरपुड्याच्या आदल्या रात्री नाकाच्या शेंड्यावरचं केस्तूड फोडून सकाळी सुजलेल्या डोळ्याने इस्पितळात दाखल झालेली मुलगी मला माहीत आहे. ती सुखरूप घरी आली, पण साखरपुडा तिच्याविना झाला. चेहऱ्यावर गळू, सोबत ताप, डोळ्याभोवती सूज किंवा डोकेदुखी असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खाजगी परवडत नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात केसपेपर काढा. लाली झपाट्याने पसरत असेल, रुग्णाला मधुमेह असेल किंवा तान्हं बाळ असेल तरीही हेच.

सर्वगुणसंपन्न ट्यूब

मेडिकलमध्ये "खाजेची, फोडाची, कशालाही चालणारी" म्हणून मिळणारी ट्यूब बहुधा स्टेरॉइड, बुरशीवरचं औषध आणि अँटिबायोटिक यांची खिचडी असते. स्टेरॉइडने लाली दोन दिवसांत उतरते, माणूस खूश होतो. त्याच वेळी कातडीची प्रतिकारशक्ती दबते आणि जंतूला आत रान मोकळं मिळतं. लाली उतरणं म्हणजे बरं होणं नव्हे. हे मी काउंटरवरून अनेकदा सांगते आणि समोरचा माणूस अनेकदा विचारतो, "मग त्याने बरं कसं वाटलं?"

नखुरडं झालेला हात आणि खवा

गणपतीत सोसायटीत कुणीतरी हौसेने घरी पेढे, बासुंदी करतं आणि करणाऱ्याच्या बोटाला नखुरडं असतं. स्टॅफ दुधाच्या पदार्थात मजेत वाढतो. पदार्थ चार-पाच तास बाहेर उबेत राहिला की त्यात विष तयार होतं. मग लोक म्हणतात, "पुन्हा उकळली होती हो." उकळल्याने जंतू मरतो, विष तसंच राहतं. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत उलट्या सुरू होतात, बहुतेकांना एक दिवसात बरं वाटतं. अँटिबायोटिकचा इथे उपयोग नाही, कारण त्रास विषाचा आहे. पाणी, ओआरएस घ्या. बोटाला पू असेल तर त्या दिवशी आरती म्हणा, खवा दुसऱ्याला मळू दे.

उरलेलं पटपट

रिपोर्टवर "कोग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ" दिसलं की लगेच गूगल करून रडू नका. तो कातडीवरचा नेहमीचा रहिवासी, बऱ्याचदा नमुना घेतानाच आत शिरलेला असतो. शरीरात कृत्रिम झडप, सांधा किंवा कॅथेटर असेल तर मात्र डॉक्टरांना तो गांभीर्याने घ्यावा लागतो.

रिपोर्टवर ज्या औषधांपुढे "एस" (म्हणजे लागू पडणारं) आहे त्यातलं सगळ्यात महाग आपल्या मनाने निवडू नका. पेनिसिलिनपुढे "आर" (म्हणजे लागू न पडणारं) दिसलं तर घाबरू नका. १९२८ मध्ये फ्लेमिंग यांच्या ज्या प्लेटवर बुरशी पडली आणि पेनिसिलिन सापडलं ती प्लेट स्टॅफचीच होती, आणि १९४० च्या दशकातच पेनिसिलिनला न जुमानणारे स्टॅफ इस्पितळांत दिसू लागले. मेथिसिलिन हे पुढचं औषध (एमआरएसएमधला "एम" त्याचाच) १९५९ मध्ये आलं, १९६१ मध्ये इंग्लंडमधून त्यालाही दाद न देणाऱ्या स्टॅफची नोंद झाली. तेव्हा कपाटातल्या चार गोळ्यांनी त्याला धडा शिकवण्याची भाषा नको.

जिममधला टॉवेल, भावाचा रेझर, हॉस्टेलमधली एकमेकांची बनियन: नको. दहीहंडीत खरचटलेले गुडघे साबण-पाण्याने धुवा, मातीवर हळद दाबू नका.

नाकातला स्टॅफ घालवायला डॉक्टर कधीकधी म्युपिरोसिनचं मलम देतात. ते बहुधा पाच दिवसांचं असतं. वर्षभर रोज रात्री नाकात बोट फिरवलंत तर जंतू त्यालाही सरावतो. आणि ट्यूब उरली तर शेजारच्या वहिनींना देऊ नका.