ऑनलाइन लिलावात जुन्या सुतारकाम मशीनची रास्त किंमत कशी ठरवावी

जुने मशीन विकायला काढले की डोक्यात दोन आकडे घोळतात: घेताना किती मोजले आणि आज नवे कितीला मिळते. घेणारा मात्र तसेच मशीन अलीकडे कितीला गेले, ते बघतो. सुरुवात तिथूनच करा.

नेमप्लेट पुसून मॉडेल, मोटरची ताकद आणि फेज लिहून घ्या. मग लिलावाच्या साइटवर पूर्ण झालेले सौदे शोधा. चालू जाहिरातींतले आकडे धरू नका, ती नुसती विक्रेत्याची अपेक्षा असते. फार चढे आणि फार पडेल सौदे वगळून मधला भाव घ्या. थ्री फेज मशीनची तुलना थ्री फेजशीच करा. घरच्या सिंगल फेजवर ते थेट चालत नाही, त्यामुळे हौशी गिऱ्हाईक गळते.

आता प्लग काढून तपासणी. रंधा मशीनच्या टेबलावर सरळपट्टी आडवी-तिरपी ठेवा आणि खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकते का ते बघा. बिडाच्या टेबलावरचा वरवरचा गंज घासून जातो, त्यासाठी भाव पाडू नका. टेबलाला तडा असेल तर मात्र पाडावाच लागतो. पट्टा उतरवून शाफ्ट हाताने फिरवा. खरखर लागली तर बहुधा बेअरिंग गेले आहे. शक्य असेल तर ते बदलूनच विका, कारण अनोळखी आवाज ऐकला की घेणारा बेअरिंगच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त कापतो. टेबल सॉचा फेन्स (लाकूड सरळ सरकवायचा आधार) किंवा गार्ड (पात्यावरचे संरक्षक झाकण) नसेल तर पर्यायी भागाची पूर्ण किंमत वजा करा. कंपनीने बनवणे बंद केलेल्या मॉडेलचे मूळ भाग सहसा मिळत नाहीत. पात्यांची धार ही किरकोळ बाब.

साइटचे कमिशन आणि वाहतूक विसरू नका. जड मशीन उचलून न्यायचा खर्च घेणारा बोलीतूनच वळता करतो, म्हणून वजन आणि चढवायची सोय जाहिरातीतच लिहा.

मागणी असलेल्या मशीनची सुरुवातीची बोली कमी ठेवा, बोली लावणारे आपोआप जमतात. ज्याखाली द्यायचेच नाही तो आकडा राखीव किंमत म्हणून टाका. गिऱ्हाईक मोजकेच असेल तर बोली राखीव किमतीजवळूनच सुरू करा. ओळखीच्यांकडून बोली चढवून घेणे ही सरळ फसवणूक आहे, त्या वाटेला जाऊ नका.

दोष फोटोत जवळून दाखवा आणि मशीन सुरू करून लाकूड कापतानाचा व्हिडिओ जोडा. तरीही बोली आली नाही, तर आधी वर्णनात काय राहिले ते पाहा. तेही ठीक असेल तर राखीव किंमत उतरवून पुन्हा लिलावात टाका.