घरातलंच मूल दत्तक जाणार असेल तर आधी काय काय करून ठेवायचं, आणि ती एक सही

माझ्या मामेबहिणीकडे दत्तक ठरलंय, तिच्या धाकट्या जावेचा मुलगा तिच्या ओटीत येणारे, चार वर्षांचा आहे. परवा तिला फोनवर तासभर सांगत बसले, मग वाटलं हे लिहूनच टाकावं, कारण गावाकडे अजून घराघरांत असंच चालतं, भावाचं मूल भावाला, आणि कागदाचं कोणी धड बघत नाही. आम्ही पण नव्हतं बघितलं. माझा धाकटा २००९ ला माझ्या थोरल्या दिरांना दिला, सहा वर्षांचा होता, आणि त्या दत्तकपत्रावर माझी सही नाही. जन्म दिलेल्या आईची सही नाही. यापुढचं सगळं त्या एका सहीमुळे भोगलंय म्हणून तेच तेच परत सांगेन, कंटाळू नका.

आधी कायदा बघून घ्या, म्हणजे पाया चुकायला नको. हिंदू कुटुंबात हे १९५६ च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याने होतं. मुलगा घ्यायचा असेल तर घेणाऱ्याला हयात मुलगा, नातू, पणतू नको. मुलगी घ्यायची असेल तर मुलगी नको आणि मुलाची मुलगी पण नको. मूल पंधराच्या आतलं हवं. आपल्याकडे मोठ्या वयाचा, लग्न झालेलासुद्धा दत्तक घ्यायची रूढी कोर्टाने मानलेली आहे, पण ती मानून घेईपर्यंत कोर्टात किती चपला झिजतात ते बघा आणि जमत असेल तर वयात असतानाच करा. पुरुष मुलगी घेत असेल किंवा बाई मुलगा घेत असेल तर दोघांच्या वयात २१ वर्षांचं अंतर पाहिजे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत, गुन्हा आहे. आणि एकदा झालेलं दत्तक रद्द होत नाही, ना घेणाऱ्याला, ना देणाऱ्याला, ना मुलाला, त्यामुळे "बघू, नाही जमलं तर परत आणू" असं जे घरात बोलतात ते आधी बंद करा.

संस्थेतून बाळ आणणार असाल तर ते वेगळं, तिथे कारा म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक यंत्रणेच्या पोर्टलवरून जावं लागतं आणि शेवटी दत्तक आदेश मिळतो, तो आदेशच पुरावा. तो रस्ता २०१५ च्या बाल न्याय कायद्याचा, कुठल्याही धर्माच्या माणसाला खुला आहे, आणि वारसाहक्क पूर्ण मिळतो. नुसतं पालकत्व घेतलं, म्हणजे १८९० च्या पालक कायद्याखाली, तर वारसा मिळत नाही हे लक्षात ठेवा. मी लिहितेय ते घरातल्या घरातल्या दत्तकाबद्दल.

आता दत्तकपत्र. नुसतं मांडीवर बसवून, ओटी भरून, पेढे वाटून झालं असं कायद्यात पण चालतं म्हणा, मूल प्रत्यक्ष दिलं-घेतलं पाहिजे एवढंच म्हटलंय, होमसुद्धा लागत नाही. पण वीस वर्षांनी ते सिद्ध कोण करणार? म्हणून दस्त करा आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नोंदवलेल्या दस्तावर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही असली की कोर्ट दत्तक कायदेशीर झालं असं धरून चालतं, चूक आहे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. केवढा मोठा आधार आहे बघा. आणि आता सह्या, इथे थांबा आणि नीट वाचा. घेणारा बाप, घेणारी आई, देणारा बाप, देणारी आई. चौघं. तिघं नाही. आई-बापापैकी एकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय मूल देता येत नाही, आणि नवऱ्याला बायकोच्या संमतीशिवाय घेता येत नाही. उत्तर प्रदेशातलं एक १९६७ चं दत्तकपत्र सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, त्याच्यावर घेणाऱ्याच्या बायकोची सहीच नव्हती, ते मानलं नाही. दस्त कितीही जुना असो, सही नसेल तर संमती होती हे वेगळं सिद्ध करत बसावं लागतं.

आमच्या इथे काय झालं सांगते. सासूबाई म्हणाल्या, आईने समोर उभं राहायचं नसतं, तिचं काळीज तुटतं आणि पोर पण रडतं, तू घरीच थांब. मी थांबले. ऑफिसात सगळी माणसं गेली आणि मी घरी त्याची चड्डी-शर्ट घडी करून पिशवीत भरत होते, दोन शाळेचे ड्रेस, एक स्वेटर, त्याची ती निळी बाटली. कोणाच्या मनात आलं नाही की हिची सही लागेल. दस्तात माझं नाव टाइप केलेलं होतं, "संमती देणार", आणि पुढची जागा कोरी. ज्यांनी सह्या केल्या त्यांचा दस्त नोंदला गेला. शिक्का बसला, पेढे आले.

सात वर्षांनी थोरले भाऊजी गेले, जमीन जाऊबाईंच्या आणि मुलाच्या नावाने वारसाने लागली, तेव्हा कोणी काही बोललं नाही. मग तीन वर्षांनी जाऊबाई गेल्या आणि त्यांचा हिस्सा मुलाच्या नावावर करायला अर्ज दिला तेव्हा मधल्या भाऊजींनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं सरळ होतं, दत्तक खोटं असेल तर जाऊबाईंना नवऱ्याकडून आलेली जमीन नवऱ्याच्या वारसांकडे, म्हणजे भावाबहिणींकडे येते. आणि दत्तक खोटं कशावरून, तर आईची सही कुठाय. फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावबदलाची नोंद, तक्रारीत गेला, तिथून दिवाणी कोर्टात. साडेतीन वर्षं. दोन साक्षीदारांपैकी एक गेलेला, भटजी गेलेले, सासूबाई गेलेल्या. मी स्वतः उभी राहिले पिंजऱ्यात आणि सांगितलं की माझी संमती होती. समोरच्या वकिलांनी तो शेवटचा कागद माझ्यापुढे धरला, त्या कोऱ्या जागेवर पेनाचं टोक टेकवलं आणि विचारलं, ही जागा कोणाची, बाई? माझी, म्हटलं. मग कोरी का? माझा मुलगा मागे बाकावर बसून ऐकत होता, एकोणीस वर्षांचा, त्याला वाटलं असेल ना की आईने मला मनापासून दिलंच नव्हतं, किंवा दिलं आणि सही करायला पण आली नाही. ते उत्तर मला आजही देता येत नाही. निकाल आमच्या बाजूने लागला, नणंदेची साक्ष आणि शाळेचा दाखला यांच्यामुळे, पण ते वर्षानुवर्षांचं बोलणं तुटलेलं ते तुटलेलंच.

म्हणून म्हणते, देणाऱ्या आईला गाडीत बसवून न्या. ती रडेल तर रडू द्या. आजारी असेल तर तारीख पुढे ढकला. परदेशात असेल तर ती येईपर्यंत थांबा. सही झाल्यावर दस्त हातात घ्या आणि प्रत्येक पानावर, प्रत्येक नावापुढे बोट ठेवून बघा. चार नावं, चार सह्या, आईची बघितली का, परत बघा. साक्षीदार दोन, आणि वयाने तरुण घ्या, आम्ही मानाची म्हातारी माणसं घेतली होती. मूल देताना-घेतानाचे फोटो काढा, त्यात चौघं दिसले पाहिजेत, आई पण.

आता एक गोष्ट देणाऱ्यांना नीट समजून घ्यायला हवी, कारण मला कोणी सांगितली नव्हती. मूल त्या दिवसापासून त्या घरचं होतं, इथल्या घराशी त्याचा वारसा तुटतो. माझ्या नवऱ्याच्या मागे काही राहिलं तर ते मोठ्याला मिळेल, धाकट्याला आपोआप नाही. दत्तकाआधी त्याच्या नावावर काही आलेलं असेल, बक्षीसपत्राने, वारसाने, ते मात्र त्याचंच राहतं. एकत्र कुटुंबातला न वाटलेला हिस्सा असेल तर त्यात गुंता आहे, वकिलाकडून आधीच लिहून घ्या. तुम्हाला त्याला काही द्यायचं असेल तर मृत्युपत्रात नाव घालून द्या. घेणाऱ्यांनी पण मृत्युपत्र करा, दत्तक घेतलं म्हणून मिळकत बांधली जात नाही, घेणारे आपलं स्वतःचं विकू शकतात, दुसऱ्याला लिहून देऊ शकतात, तेव्हा मुलालाच द्यायचं असेल तर तसं लिहा. आणि दत्तक मूल आधीच दुसऱ्याच्या मालकीचं झालेलं काढून घेऊ शकत नाही, म्हणून उशीर करू नका. नवरा गेल्यावर बाईने दत्तक घेणं चालतं, पण सगळंच मिळतं असं नाही. नागपूरच्या एका केंद्र सरकारी पेन्शनरच्या विधवेने त्यांच्यामागे मुलगा दत्तक घेतला, २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्याला फॅमिली पेन्शन नाही. दोघं हयात असताना करा.

दस्त झाल्यावर लगेच, म्हणजे त्याच महिन्यात, जन्मदाखल्यावर नवीन आई-बापाचं नाव, मग शाळेत, मग रेशन कार्ड, आधार. शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा आम्हाला कोर्टात कामाला आला, जून २००९ ची नोंद होती त्यात, दत्तकानंतर एका महिन्याची. उशिरा केलं असतं तर "केस पडल्यावर केलं" म्हणाले असते. मूळ दस्त घेणाऱ्यांकडे, प्रमाणित प्रत देणाऱ्यांकडे, दोन्ही घरी ठेवा.

कोणी गेलं की वारस नोंद तीन महिन्यांत करायची, तलाठ्याकडे, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, सरकारच्या ई-हक्क या ऑनलाइन सोयीवरून पण होतं. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, दत्तकपत्र लावा. नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत येऊ शकते, आली तर लगेच वकील बघा, "घरातलं आहे मिटेल" म्हणून बसू नका. गावात प्लॉट, शहरात फ्लॅट असेल तर प्रॉपर्टी कार्ड, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट वेगळं बघायचं. बँक, एलआयसी, पीएफ सगळीकडे नॉमिनी बदलून घ्या, पण बहुतेक ठिकाणी नॉमिनी म्हणजे मालक नाही, वारस तोच जो कायद्याने आहे. नॉमिनी नसेल तर बँकेतल्या पैशाला कोर्टाचा वारस दाखला मागू शकतात, तो वेळेत काढा. बाकी तुम्हाला कळेलच.

मामेबहिणीची शुक्रवारची वेळ आहे निबंधकाकडे. तिला सांगितलंय, धाकट्या जावेला सकाळी आठलाच घरातून घेऊन निघ, तिची सासू काहीही म्हणू दे, आणि सही झाली की त्या पानाचा फोटो मला पाठव.