जुन्या रेडिओचा व्हॉल्व आतून कसा बघायचा

मराठवाड्यात अजून बऱ्याच घरात माळवदाच्या मातीनं भरलेला व्हॉल्वचा रेडिओ कोपऱ्यात पडून असतो, तो भंगारात घालायच्या आधी आतले व्हॉल्व, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या, आतली हवा काढलेल्या काचेच्या नळ्या, एकदा नीट बघाच. उदाहरणाला ईएल ८४ घेऊ, स्पीकरला आवाज देणारा, ९ पिनांचा.

प्लग काढून अर्धा तास थांबा, मग मोठ्या कंडेन्सरवर (वीज साठवणारा भाग) मल्टिमीटर लावून बघा, कारण तिथं २५०-३०० व्होल्ट साठून राहू शकतात. व्हॉल्व सरळ वर ओढा, पिना वाकवू नका, आणि काचेवरची अक्षरं अजिबात पुसू नका, लगेच निघून जातात.

आता टॉर्च लावा. वर काचेला आतून आरशासारखा चकचकीत थर दिसतो ना, तो बेरियमचा, उरलीसुरली हवा तो शोषून घेतो. तोच पांढरा पडला असंल तर आत हवा शिरली, व्हॉल्व गेला. थर चांगला असंल तर पिन खालच्या बाजूनं, पिनांमधल्या मोठ्या फटीपासून घड्याळाच्या दिशेनं मोजा आणि ४ अन् ५ वर मीटर ओहमवर ठेवून धरा, रीडिंग आलंच नाही तर हीटर, म्हणजे आतली तापणारी तार, तुटलाय.

मेलेला व्हॉल्व फेकू नका, उघडून बघायला तोच कामाचा. चष्मा, हातमोजे घाला, जाड फडक्यात गुंडाळून वरचं काचेचं टोक पक्कडीनं हळूच मोडा, हवा आत शिरते आणि थर अजून चकचकीत असंल तर तो डोळ्यादेखत पांढरा पडायला लागतो, हे बघण्यासारखं आहे! मग काच फोडा.

बाहेरचं काळपट पत्र्याचं डबडं म्हणजे इलेक्ट्रॉन गोळा करणारी प्लेट, उष्णता बाहेर टाकावी म्हणून रंग असा. वर-खाली अभ्रकाच्या चकत्या, सगळे भाग त्याच जागेवर धरून ठेवतात. प्लेटच्या आत एकात एक ३ ग्रिड, म्हणजे जाळ्या, दोन काड्यांवर बारीक तार गुंडाळलेल्या. सगळ्यात आतलीला आवाजाचा सिग्नल येतो, ती कॅथोडच्या इतकी जवळ असते की मधली फट बघायला भिंगच लागतं, आणि हे सगळं जमवणाऱ्या हातांचं मला खरंच लई कौतुक वाटतं. मधोमध निकेलची नळी म्हणजे कॅथोड, तिच्यावरच्या पांढऱ्या थरातून इलेक्ट्रॉन सुटतात, तो थर विषारी आहे, बोट लावू नका. चिमट्यानं ओढलं की नळीतून पांढरा लेप दिलेली टंगस्टनची दुमडलेली तार निघते, तो हीटर.

आणि चालू रेडिओत प्लेट लाल व्हायला लागली तर लगेच बंद करा, बऱ्याचदा व्हॉल्व चांगलाच असतो, ग्रिडकडं सिग्नल पोचवणारा कपलिंग कंडेन्सर लीक झालेला असतो, आधी तो बदला.