तराजूवरचे ०.६५० आणि दुकानातले २०+१० टक्के

गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात इसवण (सुरमई) ८०० रुपये किलो आहे आणि काट्यावर ०.६५० आलं, तर मोबाईल काढायची गरज नाही. अर्ध्या किलोचे ४००, दशांश एक म्हणजे १०० ग्रॅमचे ८०, त्याच्या निम्मे ४०. झाले ५२०. ०.६५ आणि ०.६५० एकच; ०.०६५ मात्र फक्त ६५ ग्रॅम. शून्य टिंबानंतर लगेच आलं की किंमत दहापट घटते, शेवटी आलं तर काही फरक पडत नाही.

मासळी आधी तोलतात, मग कापतात. १.२ किलोची इसवण साफ करून ०.९ किलो उरली, तर पाव भाग, म्हणजे २५ टक्के गेला. दिले ९६०, म्हणून खरा भाव ९६० ÷ ०.९, सुमारे १०६७ रुपये किलो. कापलेल्या तुकड्यांच्या भावाशी तुलना याच आकड्याची करा. (डोकं हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, घालणार असाल तर हिशेब वेगळा!)

टक्क्यांसाठी आधी १० टक्के काढा: टिंब एक घर डावीकडे. १,१५० च्या काजूंवर १५ टक्के सूट म्हणजे ११५ अधिक ५७.५०, एकूण १७२.५०.

‘२० टक्के, वर आणखी १०’ हे ३० नव्हे. हजाराचे ८००, त्यावर १० टक्के, म्हणजे ७२०. सूट २८ टक्केच.

बिलात ५ टक्के जीएसटी धरून ६३० असतील, तर मूळ रक्कम ६३० ÷ १.०५ = ६००. ६३० चे ५ टक्के वजा केले की दीड रुपया चुकतो.