१८६५० सेलचा घरगुती दिवा लागून लगेच विझत होता: माझा अनुभव

१८६५० लिथियम-आयन सेल (पुन्हा चार्ज होणारा नळकांडी सेल), टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल आणि ३ वॅटची एलईडी जोडून केलेला माझा दिवा लावताच उजळे, पण काही सेकंदांत मंद होऊन विझे. सेल मात्र मल्टिमीटरवर ४.१ व्होल्ट दाखवत असे. सेल, मॉड्यूल आणि स्विच बदलूनही फरक पडला नाही, आणि मी अगदी हताश झालो होतो.

दोष सापडला तो दिवा चालू ठेवून मोजल्यावर. मीटरचे एक टोक सेल-होल्डरच्या ऋण पट्टीवर आणि दुसरे तिला जोडलेल्या तारेवर ठेवले, तेव्हा काही मिलिव्होल्टऐवजी ०.७ व्होल्ट दिसले, म्हणजे त्या सांध्यातच व्होल्टेज वाया जात होते. मी गरम सोल्डर (तारा जोडण्यासाठी वितळवायचा धातू) तारेवर नुसते टेकवले होते. थंड पट्टीला ते चिकटलेच नव्हते.

प्रथम सेल होल्डरमधून काढला, कारण तो आत असताना तारा एकमेकींना टेकल्या तर शॉर्ट होऊन आग लागू शकते. मग जुने सोल्डर शोषून घेतले, पट्टी बारीक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, रोझिन फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावे म्हणून लावायचा राळेचा लेप) लावला आणि पट्टी व तार दोन्हींवर सोल्डरचा पातळ थर चढवला. नंतर ३५० अंश सेल्सिअसवर ठेवलेल्या सोल्डरिंग आयर्नने दोन्ही एकत्र तापवून सोल्डर आयर्नला नव्हे, तर सांध्याला लावले, आणि ते घट्ट होईपर्यंत तार हलू दिली नाही. सांधा गार झाल्यावर त्यावर हीट-श्रिंक (तापवल्यावर आकसणारी) नळी चढवली.

आता तिथे ४ मिलिव्होल्ट दिसतात. तार थेट सेलवर मात्र कधीही सोल्डर करू नये. उष्णतेने सेलमधील धन आणि ऋण भाग वेगळे ठेवणारा विभाजक पडदा खराब होतो.