कोकणात जागा घेताय? विहिरीची परीक्षा मे महिन्यात करा

ऑक्टोबरात कोकणातली कुठलीही बाव (विहीर) तुडुंब दिसते. त्या पाण्यावर जाऊन जागेचा सौदा करू नका. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा. एवढा पाऊस पडूनही विहिरी आटतात, कारण जांभा (इथला तांबडा दगड) सच्छिद्र असतो: पाणी भराभर मुरतं आणि उतारावरच्या झऱ्यांवाटे वहाळात (ओढ्यात) निघूनही जातं. जांभ्याखाली बहुधा चिकण मातीचा थर असतो, त्याखाली (रायगड-रत्नागिरीत तरी) काळा कातळ. उन्हाळ्यातलं पाणी मुख्यतः त्या मातीच्या वर टिकतं, म्हणून विहिरीचा तळ कुठल्या थरात आहे ते आधी विचारा.

मोजण्यापूर्वी पंप रात्रभर बंद हवा. स्टीलच्या टेपला वजन बांधा आणि खालच्या मीटरभर भागाला कोरडा खडू चोळा. टेप सोडा, कठड्यापाशी बरोबर ९ मीटरचा आकडा धरा आणि वर ओढा. खडू ०.४२ मीटरपर्यंत भिजला असेल, तर पाणी कठड्यापासून ८.५८ मीटरवर आहे. कठड्याची उंची ०.९० वजा केली की जमिनीपासूनची खोली ७.६८ मीटर. नुसता दोर सोडून ‘लागलं पाणी’ म्हणण्यात हातभर चूक सहज होते. मोजायला विहिरीत उतरू नका; जुन्या विहिरीत हवा कोंडलेली असते.

खोलीपेक्षा उमाळा, म्हणजे उपसल्यावर पाणी किती वेगाने परत भरतं ते, महत्त्वाचा. पाणी एक मीटर उपसा, पंप बंद करा आणि दर अर्ध्या तासाने पातळी मोजा. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत १० सेंटिमीटर चढलं म्हणजे सुमारे ७०० लिटर पाणी आलं. पाच माणसांच्या घराला दिवसाला साधारण एवढंच लागतं. माड-पोफळी असतील तर त्यांचा हिशेब वेगळा. पातळी वर येईल तसा वेग मंदावतो, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासावरून चोवीस तासांचा हिशेब मांडून खूश होऊ नका. सकाळपर्यंत एकूण किती भरलं ते बघा.

समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर खरी तपासणी खारेपणाची. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगतं. गोड्याची पातळी एक मीटर उतरली तर हिशेबाने खारं चाळीस मीटरपर्यंत वर सरकू शकतं. म्हणून वरचं पाणी चाखून भागत नाही. बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा, तळाशी गेल्यावर बूच ओढा आणि तळाचा नमुना घ्या. वरच्या आणि तळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मीटरने बघा. नंतर दोन तास उपसा करून पुन्हा. जमल्यास अमावास्येच्या उधाणाला एकदा आणि भांगाला (भरती सर्वात कमी चढते तेव्हा) एकदा. जांभ्यातल्या गोड्या विहिरीचा आकडा सहसा दोनशेच्या आत असतो. तळाशी किंवा उपशानंतर तो चढत असेल तर विहीर खोल करणं किंवा बोअर मारणं हा उपाय नव्हे. त्याने खारं आणखी वर येईल. कमी उपसा आणि पावसाचं पाणी साठवणं, हेच तिथे चालतं.

बाकी प्रयोगशाळेत. रासायनिक तपासणीसाठी दोन लिटरचा कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा. जंतूंसाठी मात्र प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली घ्या, ती विसळू नका, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे टीडीएस ५००, क्लोराइड २५०, नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत आणि पीएच ६.५ ते ८.५ हवा, १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (मैल्यातून येणारे जंतू) अजिबात नको. जांभ्यातलं पाणी बऱ्याचदा आम्लधर्मी निघतं आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप खातं, तिथे पीव्हीसीच टाका. घागरीत रात्रभर ठेवून तांबूस गाळ बसला तर लोह आहे.

नायट्रेट किंवा ई. कोलाय निघालं तर शोषखड्डा आणि गोठा किती दूर आहे ते मोजा. पंधरा मीटर ही किमान मर्यादा. जांभ्याच्या पोकळ्यांतून मैलापाणी न गाळता वाहतं, त्यामुळे इथे अंतर जास्तच ठेवा आणि खड्डा विहिरीच्या खालच्या, उताराच्या बाजूला घ्या. तोवर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वापरा. व्यास × व्यास × पाण्याची खोली (मीटरमध्ये) × ७८५ केलं की लिटर मिळतात: तीन मीटर व्यास आणि दोन मीटर पाणी म्हणजे १४,१३० लिटर, पावडर ३५ ग्रॅम. बादलीत कालवा, निवळू द्या, वरचं पाणी तेवढं विहिरीत ओता, चुना टाकून द्या. तासभर उपसू नका. खड्डा हलवल्यावर पुढच्या पावसाळ्यात जंतूंचा नमुना पुन्हा द्या, कारण मैलापाणी विहिरीत शिरायचं ते बहुतेक तेव्हाच.